चटईक्षेत्र वाढले, घर मात्र दूरच
खास प्रतिनिधी, मुंबई

एखाद्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल, हे ठरविणारा आकडा म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. बोलीभाषेत त्यालाच एफएसआय म्हणतात. मुंबईत हा आकडा आता नगररचनाकारांच्या कार्यालयापुरता उरलेला नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, चाळीच्या सामायिक गॅलरीत आणि झोपडपट्टीतील बैठकांतही त्यावर तावातावाने चर्चा होते. जुनी इमारत पडण्याआधी नवी उभी राहणार का, शेजारचा टॉवर झाल्यावर नळाला पाणी येणार का आणि मुलाला लग्नानंतर याच शहरात घर घेता येणार का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका आकड्याभोवती फिरत असतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याने संपूर्ण शहरासाठी हा आकडा वाढविला. त्यावर झालेल्या वादात जवळपास प्रत्येक बाजूने 'परवडणारी घरे' हाच शब्दप्रयोग केला. प्रत्येकाच्या मनातला त्याचा अर्थ मात्र वेगळा होता.

आराखडा आणि हरकतींचा पाऊस

मुंबईत एफएसआयचे बंधन १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो शहर भागात १.३३ आणि उपनगरांत बहुतेक ठिकाणी १ असा निश्चित केला. त्यामागचा विचार सरळ होता. बेटावर बांधकाम आवळले, तर माणसे आणि उद्योग खाडीपलीकडे नव्या मुंबईकडे वळतील, अशी अपेक्षा होती. माणसे मुंबईत यायची थांबली नाहीत. त्यांना सामावून घेणारी अधिकृत घरे मात्र पुरेशी बांधली गेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत असल्याचे आढळले. त्याच जनगणनेत शहर आणि उपनगर मिळून पावणेपाच लाखांहून अधिक घरे रिकामी असल्याचीही नोंद झाली. एका बाजूला घराविना माणसे आणि दुसऱ्या बाजूला माणसांविना घरे, हे चित्र तेव्हाच स्पष्ट झाले होते.

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने नव्या आराखड्याचा मसुदा जाहीर केला. संपूर्ण शहराला एकच निर्देशांक लावण्याची जुनी पद्धत मोडून विभागवार निर्देशांक ठरवावा आणि रेल्वे स्थानकांच्या परिसरात तो ८ पर्यंत न्यावा, असे त्यात सुचविले होते. स्थानकाजवळ दाट वस्ती असावी, हे तत्त्व नगररचनाशास्त्राला धरूनच होते. परंतु मसुद्यात वारसा वास्तूंच्या नोंदी गळाल्या होत्या आणि उभ्या इमारतींवरून रस्ते आखले गेले होते. त्याबरोबरच आरे वसाहतीच्या जागेत विकासाचे केंद्र दाखविले होते. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. अखेर एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा मागे घेण्याचा आदेश दिला.

सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि राज्य सरकारने २०१८ मध्ये त्याला मंजुरी दिली. नवी नियमावली त्याच वर्षी सप्टेंबरपासून अमलात आली. मूळ निर्देशांक तोच ठेवून, अधिमूल्य भरून मिळणारे चटईक्षेत्र आणि हस्तांतरणीय विकास हक्क त्यावर चढविण्याची मुभा या नियमावलीने दिली. त्यामुळे रस्त्याच्या रुंदीनुसार शहर भागातील निवासी बांधकाम ३ पर्यंत, उपनगरांत २.५ पर्यंत आणि व्यापारी बांधकाम ५ पर्यंत जाऊ शकते. ना-विकास क्षेत्रातील आणि मिठागरांच्या काही जमिनी खुल्या करून दहा लाख परवडणारी घरे निर्माण करण्याची घोषणाही तेव्हा झाली.

वादाच्या तीन बाजू

या वाढीकडे मुंबईकर एका नजरेने पाहत नाहीत. जुन्या सहकारी सोसायट्यांतील आणि उपकरप्राप्त इमारतींतील रहिवाशांना ती हवीच आहे. भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवर गोठलेल्या भाड्यात मालकाने डागडुजी करावी, ही अपेक्षा कधीच मावळली. दक्षिण मुंबईतल्या कित्येक इमारती आज टेकूंवर उभ्या आहेत आणि पावसाळा आला की घरे रिकामी करण्याच्या नोटिसा येतात. सोसायटीतील निवृत्त सभासदाकडेही स्वतःच्या खर्चाने इमारत बांधण्याइतके पैसे नसतात. वाढीव चटईक्षेत्र मिळाले तरच विकासक दारी येतो, नाही तर पडक्या छताखाली दिवस काढावे लागतात, हा त्यांचा युक्तिवाद अनुभवातून आलेला आहे.

दुसरी बाजू आजूबाजूच्या वस्तीची आहे. चार मजल्यांच्या जागी बावीस मजले आले तरी समोरची गल्ली तेवढीच राहते. जलवाहिनी आणि मलवाहिनी तीच राहते, शाळा आणि मैदानेही वाढत नाहीत. मुंबईत माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा असल्याचे सांगितले जाते. ज्या विभागात श्वास घ्यायला जागा नाही तिथे आणखी माणसे कोठे बसविणार, हा रहिवासी संघटनांचा सवाल म्हणूनच गैरवाजवी म्हणता येत नाही. गावठाणे आणि कोळीवाड्यांची चिंता वेगळी आहे. आपली वस्ती झोपडपट्टी म्हणून मोजली जाईल आणि पिढ्यान्‌पिढ्यांची जागा पुनर्विकासाच्या नकाशात विरून जाईल, अशी भीती तिथे आहे.

तिसरी बाजू सुनावणीला फारशी येतच नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू, पहाटेची लोकल पकडून बदलापूर किंवा विरारहून येणारा कर्मचारी, नोकरी इथे आणि घर तीन तालुके पलीकडे अशी ओढाताण सोसणारी कुटुंबे, यांच्या नावावर मुंबईत मालमत्ता नसते. साहजिकच त्यांना हरकत नोंदविण्याचे निमंत्रणही नसते. आराखडा परवडणाऱ्या घरांचा असेल, तर तो सर्वाधिक याच वर्गासाठी असायला हवा. वादात मात्र आधीच घर असलेल्यांचा आवाज मोठा राहिला. पहिली बाजू मोठे घर मागते आणि दुसरी मोकळी हवा मागते. ज्यांना मुळात घरच हवे आहे, त्यांची मागणी कोणाच्याही निवेदनात ठळकपणे उमटत नाही.

बांधकाम वाढते, कुटुंबे वाढतात का?

चटईक्षेत्र वाढले की घरे वाढतात आणि घरे वाढली की किमती उतरतात, असे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे. मुंबईत या साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका इमारतीत ४० कुटुंबे प्रत्येकी ४०० चौरस फुटांत राहतात, म्हणजे एकूण बांधकाम १६ हजार चौरस फुटांचे आहे. पुनर्विकासानंतर तिथे ४४ हजार चौरस फूट बांधकामाला परवानगी मिळाली, असे समजू. जुन्या कुटुंबांना प्रत्येकी ५५० चौरस फूट दिल्यावर २२ हजार चौरस फूट खर्ची पडतात आणि तितकेच विक्रीसाठी उरतात. विकासकाने ११०० चौरस फुटांच्या सदनिका बांधल्या, तर नवी कुटुंबे येतील अवघी २०. बांधकाम पावणेतीन पट झाले, कुटुंबे मात्र ४० वरून ६० झाली, म्हणजे दीडपट. तेच उरलेले क्षेत्र ४०० चौरस फुटांच्या घरांत विभागले असते, तर ५५ नवी कुटुंबे सामावली असती. निर्देशांक दोन्ही प्रसंगी एकच राहतो. किती मजले चढले यावरून किती माणसांना छप्पर मिळाले हे कळत नाही, ते यामुळेच.

जनगणनेचे आकडे याच दिशेने बोट दाखवितात. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. याच दशकात लालबाग, परळ, लोअर परळच्या आकाशरेषेवर टॉवर उगवत होते. त्याच काळात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. बेटावर इमारती वाढल्या आणि माणसे घटली, खाडीपलीकडे मात्र गर्दी झाली. गिरगाव, दादर, परळ या भागांतून डोंबिवली, बदलापूर, वसई-विरारकडे सरकलेला मराठी मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग या आकड्यांत सामावलेला आहे.

महागाईवर उभी असलेली स्वस्ताई

मुंबईतील पुनर्विकासाचे गणित तपासले तर आणखी एक अडचण पुढे येते. जुन्या रहिवाशाला नवे घर बहुधा फुकट मिळते. त्या घराचा बांधकाम खर्च, तीन-चार वर्षांचे पर्यायी जागेचे भाडे, कॉर्पस निधी, महापालिकेचे अधिमूल्य आणि कर्जावरचे व्याज हा सारा भार विक्रीच्या सदनिकांवर पडतो. सदनिका जितकी महाग विकली जाईल तितकी योजना सुकर होते. ही व्यवस्था चढ्या किमतींवरच चालते. किमती उतरल्या की प्रकल्प अर्धवट थांबतात, भाडे बंद होते आणि रहिवासी संक्रमण शिबिरात अडकतात. महाग घरे विकून फुकट घरे देणारी यंत्रणा शहरातील घरे एकूण स्वस्त करील, अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे वाळूतून तेल काढण्यासारखेच आहे.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा अनुभव याच पठडीतला आहे. ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने केली आणि त्याच वर्षी प्राधिकरण स्थापन झाले. घराचे क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर नेण्यात आले. पात्रतेची तारीखही वेळोवेळी पुढे सरकली. तरीही तीन दशकांत पुरी झालेली घरे अडीच लाखांच्या आसपासच आहेत. जिथे विक्रीच्या सदनिकेला भाव आहे तिथे योजना झपाट्याने झाल्या आणि जिथे भाव नाही तिथे त्या कागदावर राहिल्या. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल चिंता व्यक्त करून त्याचा आढावा घेण्याची सूचना मुंबई उच्च न्यायालयाला केली.

सरकार आणि महापालिका यांचे हितसंबंधही इथेच गुंतलेले आहेत. वाढीव चटईक्षेत्रापोटी मिळणारे अधिमूल्य शीघ्रगणकातील जमिनीच्या दराशी जोडलेले असते. जमीन जितकी महाग तितका महसूल अधिक. जानेवारी २०२१ मध्ये करोनाकाळातील मंदीवर उपाय म्हणून राज्य सरकारने हे अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले, तेव्हा प्रस्तावांची रीघ लागली. घरांच्या किमतीत या शुल्काचा वाटा किती मोठा आहे, हे त्या एका निर्णयाने दाखवून दिले. परंतु ज्या विभागातून हे पैसे गोळा होतात, त्याच विभागातील पाणी, मलनिस्सारण आणि रस्त्यांवर ते खर्च झाले की नाही, याचा हिशेब रहिवाशांसमोर ठेवला जात नाही. शेजाऱ्यांचा विरोध तीव्र होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

गिरणगावाचा धडा

पायाभूत सुविधांविना दाटी झाली की काय घडते, याचे उत्तर शोधायला मुंबईला परदेशात जाण्याची गरज नाही. १९९१ च्या नियमावलीने बंद गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात जवळपास समान वाटे ठरविले होते. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, तर मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा बदल उचलून धरला. मैदाने आणि स्वस्त घरांच्या वाट्याला येऊ शकणारी जमीन त्यामुळे आक्रसली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, लाखो नोकरदार येऊ लागले, रेल्वे स्थानकांचे पूल मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला.

नव्या मुंबईच्या संकल्पनेचे एक जनक, अभियंते शिरीष पटेल यांनी एफएसआय आणि दाटी या वेगळ्या गोष्टी आहेत, अशी मांडणी सातत्याने केली होती. एका माणसाच्या वाट्याला घरात किती जागा येते आणि रस्त्यावर किती येते, हे पाहिल्याशिवाय निर्देशांकाची तुलना करणे फसवे ठरते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. मॅनहॅटनमध्ये इमारती उंच आहेत, पण तिथल्या माणसाला घरात आणि कार्यालयात मिळणारी जागा मुंबईकराच्या अनेक पट आहे आणि रस्त्यांचे जाळेही प्रशस्त आहे. याउलट, मुंबईने अत्यंत कमी निर्देशांक राखून जमीन कृत्रिमरीत्या दुर्मिळ केली आणि गरिबांना झोपडपट्टीत ढकलले, अशी टीका नगर-अर्थशास्त्राचे अभ्यासक आलॅन बर्तो यांनी केली आहे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही मतांत एक समान सूत्र आहे. बांधकाम वाढवायचे तर त्याबरोबर शहराची वहनक्षमताही वाढवावी लागते. दोहोंपैकी एकच केले तर पदरी निराशाच येते.

ऑकलंडने काय केले?

न्यूझीलंडमधील ऑकलंडचे उदाहरण या चर्चेत हल्ली वारंवार दिले जाते. २०१६ मध्ये त्या शहराने निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर एकदम अधिक दाट बांधकामाला मुभा दिली. पुढे परवानग्यांची संख्या चढत गेली आणि २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षांत ती वीस हजारांच्या पुढे होती. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासानुसार, हा बदल झाला नसता तर घरभाडी जिथे पोहोचली असती त्यापेक्षा ती सुमारे पाव हिश्श्याने कमी राहिली. भाडी उतरली नाहीत, त्यांची चढण मंदावली, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

मुंबईशी तुलना करताना तीन गोष्टी नजरेआड करून चालणार नाहीत. ऑकलंडमध्ये एकेका घराभोवती अंगण होते, तिथे जुन्या रहिवाशांना फुकट घर देण्याचा भार नव्हता. तिथली मुभा नियमात बसणाऱ्या प्रत्येकाला सरसकट मिळाली. मुंबईत वाढीव क्षेत्र प्रकल्पागणिक विकत घ्यावे लागते आणि सवलतींसाठी फायली फिरत राहतात. आणि तिथे एकाच वेळी सर्वत्र जमीन खुली झाल्याने कोणा एका मालकाला भाव चढवून ठेवता आला नाही. त्याच वेळी अशा बदलांचे राजकारणही नाजूक असते. कॅनडातील कॅलगरी शहराच्या परिषदेने मे २०२४ मध्ये प्रदीर्घ जनसुनावणीनंतर ९ विरुद्ध ६ मतांनी शहरव्यापी बदल मंजूर केला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत तो रद्द करण्याचे आश्वासन देणारा उमेदवार महापौरपदी निवडून आला. रहिवाशांना विश्वासात न घेता लादलेली दाटी टिकत नाही, हा त्यातला बोध मुंबईलाही लागू पडतो.

पुढे काय?

गेल्या काही वर्षांतील घडामोडी पाहता वादाचे क्षेत्र विस्तारतच चालले आहे. धारावीच्या पुनर्विकासातील अपात्र रहिवाशांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या या सखल पट्ट्यात वस्ती करणे कितपत शहाणपणाचे, असा प्रश्न पर्यावरणवादी विचारत आहेत. मैदानांसाठी राखीव असलेल्या पण झोपड्यांनी व्यापलेल्या भूखंडांवर ६५ टक्के जागेत पुनर्वसन आणि ३५ टक्के मोकळी जागा, ही तरतूद उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम ठेवली. दुसरीकडे, वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. सरकारी यंत्रणेने जबाबदारी घेतली तर मूळ रहिवासी मूळ जागी राहू शकतो, हे त्यातून दिसले. त्यासाठी लागलेला काळ मात्र प्रदीर्घ होता.

मागणीचा अंदाज म्हाडाच्या सोडतीवरून येतो. २०२४ च्या मुंबईतील सोडतीत २०३० घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका घरामागे पन्नासहून अधिक कुटुंबे रांगेत होती. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्टांची मुंबईला कधीच वानवा नव्हती. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना मोठा गाजावाजा करून आणली आणि काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. तेव्हापासून भाड्याच्या स्वस्त घरांचा विषय सरकारी चर्चेच्या कडेलाच राहिला आहे.

खरा निर्णय निर्देशांक २ असावा की ३, एवढ्यापुरता नाही. वाढीव चटईक्षेत्रातून निर्माण होणाऱ्या मूल्याचा वाटा कोणाला मिळणार, हे ठरवावे लागेल. मोठ्या भूखंडांवर ठरावीक हिस्सा लहान आणि स्वस्त घरांसाठी राखण्याची अट नियमावलीत आहे. तिची अंमलबजावणी किती झाली, याची प्रभागवार माहिती जाहीर झाली पाहिजे. अधिमूल्याचा ठरावीक भाग त्याच प्रभागातील पाणी, मलनिस्सारण, रस्ते आणि मैदानांसाठी बांधून दिला, तर शेजाऱ्यांच्या विरोधाची धार कमी होईल. स्थानकालगतच्या भागात वाढीव क्षेत्र देताना सदनिकेच्या आकारावर मर्यादा घालता येईल. वर्षानुवर्षे कुलूपबंद राहणाऱ्या घरांबाबतही धोरण हवे. यांतील कोणताही उपाय नवा नाही आणि प्रत्येकाला विरोध करणारा एक सबळ गट आहे. म्हणूनच तो लांबणीवर पडतो.

२०३४ पर्यंत दहा वर्षेही उरलेली नाहीत. आराखड्याने दहा लाख परवडणाऱ्या घरांचे जे वचन दिले, त्यातील किती घरे उभी राहिली आणि त्यांत मासिक पगारावर जगणारी किती कुटुंबे राहायला गेली, याचा ताळेबंद महापालिकेने आणि सरकारने दरवर्षी जनतेसमोर मांडायला हवा. तो मांडला जात नाही तोपर्यंत सोसायटीच्या सभांमध्ये निर्देशांकावर वाद झडत राहतील, आणि ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालला आहे, तो सामान्य नोकरदार सभेला न येता शेवटच्या लोकलने घरी जात राहील.